कडी कोणती आणि शटर कोणते, हे आधी लिहून घ्या!

दारे-खिडक्यांच्या धंद्यात होणारी कितीतरी भांडणे लाकडाच्या प्रतीवरून किंवा मजुरीवरून होत नाहीत, ती शब्दावरून होतात. गिऱ्हाईक एक शब्द बोलते, दुकानदार दुसरीच वस्तू देतो आणि मिस्त्री तिसरे काही बसवतो. नुकसान बहुधा कारागिराच्याच पदरात पडते, कारण कापलेले लाकूड परत जोडता येत नाही. आपल्या समाजातील सुतार, अॅल्युमिनियमवाले, काचवाले, ग्रिल करणारे आणि हार्डवेअरचे दुकानदार यांची रोजीरोटी या धंद्यावर आहे. म्हणून हा विषय मांडणे आम्हास अगत्याचे वाटते.

'शटर' हा एकच शब्द घ्या. दुकानदाराच्या तोंडी शटर म्हणजे वर गुंडाळले जाणारे लोखंडी दार. आर्किटेक्टच्या नकाशात शटर म्हणजे चौकट सोडून उघडझाप करणारा भाग, ज्याला आपण झडप म्हणतो आणि उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर पल्ला म्हणतो. 'कडी'चे हाल तर विचारू नका. कोणाला साखळी हवी असते, कोणाला आतली खिट्टी, कोणाला बाहेरून कुलूप लावायचा अल्ड्रॉप. कडी आणि कोयंडा हे दोन वेगळे भाग आहेत, कडी कोयंड्यात अडकते, हेही नव्या पिढीतील गिऱ्हाइकाला सांगावे लागते. बिजागरी, कब्जा आणि हिंज ही तिन्ही नावे एकाच वस्तूची, तरी कब्जा शब्द ऐकून शहरी गिऱ्हाईक दचकते. त्याला वाटते जागेचा वाद निघाला! दाराच्या झडपेतील चौकोनी फळीला आपण पॅनेल म्हणतो, तर उत्तरेकडचा कारागीर दिलहा म्हणतो. एकाच कारखान्यात रत्नागिरीचा आणि सहारनपूरचा असे दोन मिस्त्री असले की मालकाला दुभाष्याचेही काम करावे लागते.

खरे पैसे बुडतात ते उंबरठ्यात. 'एक चौकट' असा भाव ठरतो, पण चौकट तीन बाजूंची की चार बाजूंची हे कोणी बोलत नाही. हल्ली फ्लॅटमध्ये आतल्या खोल्यांना लाकडी उंबरठा बहुधा नसतो, जुन्या वळणाच्या घरमालकाला मात्र तो हवाच असतो. हिशेब करून पाहा. तीन फूट रुंद, सात फूट उंच दाराला दोन उभे आणि वरचे एक आडवे मिळून १७ फूट लाकूड लागते. उंबरठा धरला की २० फूट. लाकूड पाच इंच बाय अडीच इंच असेल तर या तीन फुटांचे सुमारे पाव घनफूट होते. वीस दारांची इमारत असेल तर कटाई सोडूनही पाच घनफुटांवर लाकूड गेले. सागवानाचा आजचा भाव आपल्याला ठाऊक आहे. एका न बोललेल्या शब्दापायी हे लाकूड कारागिराच्या नफ्यातून जाते.

चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाला गावाकडे गणेशपट्टी म्हणतात. आपल्या घरी त्या जागी बिस्मिल्लाहची पाटी लागते, पण सुताराला जे नाव समजते त्या नावाने माप सांगण्यात काही बिघडत नाही. बिलात 'वरची आडवी' एवढे लिहिले तरी भागते.

मापाचाही असाच घोळ आहे. आपला मिस्त्री इंच आणि सुतात बोलतो, आठ सुतांचा एक इंच. कारखान्यातील फ्लश दार मिलिमीटरमध्ये येते. 'सात फुटी' म्हणजे २१०० मिलिमीटर असे सर्रास धरले जाते. प्रत्यक्षात सात फूट म्हणजे २१३३ मिलिमीटरहून थोडे अधिक. फरक सव्वा इंचाच्या वर जातो. फ्लश दाराच्या कडेची पट्टी अरुंद असते, तिच्यावर रंधा मारून किती काढणार? आणि दार आखूड आले तर काय जोडणार? भारतीय मानकांत याची सोय केलेली आहे. तेथे '१० डीएस २१' असे लिहिले तर भिंतीतील जागा १००० मिलिमीटर रुंद, २१०० मिलिमीटर उंच आणि दार एका झडपेचे, असा अर्थ होतो. जागेपेक्षा चौकट थोडी लहान आणि झडप त्याहून लहान. म्हणून नुसते 'माप' न लिहिता भिंतीतील जागेचे, चौकटीचे की झडपेचे, हे लिहिले पाहिजे. सरकते काम करणाऱ्यांनीही दोन ट्रॅक, अडीच ट्रॅक की तीन ट्रॅक आणि मच्छरजाळी भावात धरली की नाही, हे आधीच नोंदवावे.

काही मंडळी म्हणतील की मग सर्वांनी शुद्ध मराठी शब्द वापरावेत. हे आम्हास मान्य नाही. दरवाजा आणि तावदान फारसीतून आले, कुलूप अरबी कुफ्लवरून आले, चावी पोर्तुगीजांकडून आली. शुद्धीकरण करायला बसलो तर घराला दरवाजा राहणार नाही आणि कुलूपही राहणार नाही. आखाती देशांत गेलेले आपले कोकणी सुतार दाराला बाब आणि खिडकीला शुब्बाक म्हणायला शिकलेच की! तोंडी शब्द कोणताही असो, बिलातील शब्द एक असावा आणि त्याचा अर्थ दोघांना ठाऊक असावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.

'आपला धंदा जुबानीवर चालतो, लिहून मागितले तर विश्वास नाही असे वाटेल,' ही सबब आम्ही नेहमी ऐकतो. सूरह बकराची २८२वी आयत कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे आणि ती मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. सांगून वस्तू बनवून घेण्याच्या कराराला फिक्हमध्ये इस्तिस्ना म्हणतात. त्यात वस्तूचा प्रकार, माप आणि वर्णन स्पष्ट असावे लागते. ज्या सौद्यात काय मिळणार हेच अंधारात आहे, तेथे गररचा प्रश्न उभा राहतो. मशीद-मदरशांच्या बांधकाम समित्यांनीही याकडे पाहावे. सवाबचे काम म्हणून तेथे कोणी लिहीत नाही आणि शेवटी वाद नमाजींसमोर होतो.

शिवाय १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर नाव मोघम ठेवून चालत नाही. लाकडी दारे-चौकटी ४४१८ मध्ये, अॅल्युमिनियमची ७६१० मध्ये, प्लॅस्टिकची ३९२५ मध्ये, कुलपे ८३०१ मध्ये, तर बिजागऱ्या ८३०२ मध्ये मोडतात. बिलात 'दाराचे सामान' लिहून सगळे एकत्र केले की अडचण होते.

खर्चाचे काम मुळीच नाही. हार्डवेअरच्या दुकानदारांनी एका दाराचे आणि एका खिडकीचे मोठे चित्र काढून गल्ल्याजवळ लावावे. प्रत्येक भागावर आकडा घालावा, खाली त्या भागाची दोन-तीन चालू नावे द्यावीत. गिऱ्हाइकाने बोट ठेवावे, दुकानदाराने आकडा लिहावा. सुतारांनी तेच चित्र कोटेशनच्या कागदामागे छापून घ्यावे.

त्या चित्रात डावे-उजवे अवश्य असावे. 'उजवे दार' म्हणजे काय, यावर दोन मिस्त्रींचे एकमत होत नाही. म्हणून ऑर्डर घेताना सरळ असे लिहावे : 'बाहेर उभे राहिल्यावर बिजागरी उजव्या हाताला, दार आत उघडणारे.' आणि त्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी.