औषधाच्या पाकिटावर असते, ते सॉफ्टवेअरवर का नको?

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत औषधांसाठी लागणारी रसायने बनवणारे कारखाने आहेत. तिथल्या मालावर नाव, बॅच क्रमांक आणि तारीख असते. उद्या एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला, तर तो माल कुठे गेला हे कागदपत्रांवरून शोधता येते आणि तेवढाच माल परत मागवता येतो. गोळीच्या पाकिटावरही घटक छापलेले असतात. मात्र ज्या संगणकावर आपला केसपेपर आणि रक्ताचे अहवाल साठवले जातात, त्यातल्या सॉफ्टवेअरचे घटक कोणते, हे विचारले तर बहुतेक ठिकाणी कोणालाच सांगता येणार नाही.

एक उदाहरण पाहू. छत्तीसगडमधील गनियारी येथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ ही संस्था ग्रामीण रुग्णालय चालवते. तिथल्या गरजेतून ‘बाह्मनी’ ही मुक्तस्रोत रुग्णालय-प्रणाली तयार झाली आणि पुढे इतर देशांतही गेली. तिच्यात रुग्णनोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस आणि हिशेबासाठी ओडू अशी स्वतंत्र सॉफ्टवेअर एकत्र गुंफलेली आहेत. ओपनएमआरएसला जावा लागते, ओडूला पायथन. एकाचा डेटा मायएसक्यूएलमध्ये, दुसऱ्याचा पोस्टग्रेसमध्ये. या सगळ्यांच्या खाली लिनक्स. बरीच वर्षे ही प्रणाली सेंटओएस या लिनक्सवर बसवली जात असे. त्या सेंटओएसच्या सातव्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे ३० जून २०२४ रोजी बंद झाले. वरचे सॉफ्टवेअर ठणठणीत असले, तरी पायाची मुदत अशी संपू शकते.

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून येते. प्रत्येक पॅकेज आपल्याला आणखी कोणती पॅकेजे हवीत आणि कोणत्या आवृत्तीची, ते सांगते. त्यांना आणखी काही लागतात. ही साखळी जुळवण्याचे काम ‘अ‍ॅप्ट’सारखे साधन करते. डेबियन या लिनक्सच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे. आपण एक पॅकेज मागतो, संगणक चाळीस उतरवतो आणि आपण त्यांची नावेही न वाचता ‘हो’ म्हणतो.

त्या न वाचलेल्या नावांपैकी एक होते ‘एक्सझेड’. फाइल दाबून लहान करणारे हे साधन जवळपास एकच माणूस स्वतःच्या वेळात सांभाळत होता. टोपणनावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षे मदत करत त्याचा विश्वास मिळवला आणि मग आत चोरवाट बसवली. लक्ष्य होते ‘ओपनएसएसएच’, म्हणजे सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याचा दरवाजा. गंमत म्हणजे या दरवाजाला मुळात एक्सझेडची गरजच नाही. डेबियनसारख्या काही प्रणालींनी तो ‘सिस्टीमडी’शी जोडला होता आणि सिस्टीमडीला एक्सझेड लागत होते. लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ही चोरवाट सापडली. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ती जाहीर केली. तोवर ती डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांत पोचली होती, रोजच्या वापराच्या स्थिर आवृत्तीत नव्हती.

यावर कोणी म्हणेल, मग मुक्तस्रोत नकोच, विकतचे घ्या. हा उपाय चुकीचा आहे. विकतच्या सॉफ्टवेअरच्या पोटातही हीच मोफत पॅकेजे असतात. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावा घटकात मोठे भगदाड सापडले, तेव्हा नामांकित कंपन्यांची बंदिस्त उत्पादनेही त्यात अडकली होती. फरक इतकाच की बंदिस्त डब्यात ग्राहकाला डोकावता येत नाही. फ्रॉइंड यांना छडा लागला, कारण सगळा कोड समोर होता.

खरा दोष आपल्या सवयीत आहे. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणत सॉफ्टवेअर बसवायचे, उद्घाटनाचा फोटो काढायचा आणि देखभालीसाठी पैसा किंवा माणूस ठेवायचा नाही. परवाना फुकट असला, तरी निगा फुकट नसते.

सॉफ्टवेअरच्या घटकयादीला ‘एसबॉम’ म्हणतात. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या पालिकांनी दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर घेताना निविदेतच तीन गोष्टी मागाव्यात: घटकांची पूर्ण यादी, प्रत्येक घटकाला दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार ती तारीख, आणि त्या बसवणाऱ्या माणसाची पाच वर्षांची तरतूद. यादी हाती असेल, तर पुढचे एक्सझेड निघाल्यावर आपल्याकडे ते आहे का, हे तासाभरात कळेल. नसेल, तर प्रत्येक संगणक उघडून शोधावे लागेल, आणि तोवर बाहेर रुग्ण ताटकळत बसलेले असतील.