थाई की कोरियन? आधी बिलाचं बोला

परवा ऑफिसच्या ग्रुपवर पुन्हा तोच प्रश्न आला. टीममधला एकजण चाललाय (चाललाय कसला, जायला लावलंय. पण असो), त्याला शुक्रवारी जेवण द्यायचं, तर जायचं कुठे? अर्ध्या मिनिटात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणाली, "ग्रिलवालं बुफे. पाहिजे तेवढं हाणा." दुसरी म्हणाली, "कोरियन बार्बेक्यू. जरा वेगळं काहीतरी." आणि हॉटेल ठरवायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. का, तर मी एकदा दोन आठवडे बँकॉकला जाऊन आलोय म्हणून!

तर आधी बँकॉकबद्दल. तिथे 'मू क्राथा' नावाचा प्रकार असतो. मू म्हणजे डुक्कर, क्राथा म्हणजे तवा. तवा मधे घुमटासारखा फुगलेला आणि कडेने पन्हाळ. खाली कोळसा. घुमटाच्या टोकावर चरबीचा तुकडा ठेवायचा, तो वितळत खाली येतो आणि त्यावर मांसाचे पातळ काप भाजायचे. त्यांचा रस ओघळून कडेच्या पन्हाळीतल्या पाण्यात उतरतो. त्या पाण्यात कोबी, शेवया, अंडं टाकायचं. म्हणजे एकाच भांड्यात वर भाजणं आणि खाली सूप. ज्याने हे भांडं डिझाईन केलं त्याला आपला तर बुवा साष्टांग नमस्कार. बहुतेक ठिकाणी माणशी ठरलेले पैसे भरायचे आणि उठून हवं ते आणायचं. काही दुकानांत पाटी असते, ताटात टाकलंत तर दंड. आमच्या आजीने हे दुकान पास केलं असतं.

पुण्यात मू क्राथा मला अजून भेटलेलं नाही. इथे त्याची जागा आपल्या ग्रिल बुफेने घेतलीय. बार्बेक्यू नेशनने २००६ साली मुंबईत पहिलं हॉटेल काढलं आणि टेबलाच्या पोटात शेगडी ही कल्पना आपल्याकडे घरोघरी पोचवली. टेबलावरचा छोटा झेंडा उभा असेपर्यंत पनीर, अननस, कोळंबी, चिकनच्या सळ्या येत राहतात. झेंडा पाडला की तुम्ही शरण आलात. पण एक बघा, अशा ठिकाणी सळ्या बऱ्याचदा आतून भाजूनच येतात. आपण फक्त फिरवायचं नाटक करतो. आणि स्टार्टरवरच पोट भरतं, मग मुख्य जेवणाकडे नुसतं बघून कुल्फीकडे वळायचं.

कोरियन प्रकारात मात्र मांस कच्चं येतं आणि भाजायला लागतं. साम्ग्योप्साल म्हणजे डुकराच्या पोटाकडचं, मांस-चरबीचे थर असलेलं मांस. ते जाळीवर टाकायचं, चिमट्याने उलटायचं आणि चक्क कात्रीने कापायचं. पहिल्यांदा वेटरने टेबलावर कात्री ठेवली तेव्हा मला वाटलं चुकून शिंप्याकडे आलो. मग लेट्यूसच्या पानावर मांसाचा तुकडा, लसूण, झणझणीत चटणी ठेवायची, पान मुडपायचं आणि अख्खं तोंडात. थोडक्यात विडाच! भोवती छोट्या वाट्यांमधून किमची, मोड आलेलं कडधान्य, काकडी. आपल्या ताटाची डावी बाजू आठवते की नाही? आणि त्या वाट्या संपल्या की सहसा फुकट भरून देतात.

गोमांसाचे कोरियन प्रकार जगभर प्रसिद्ध आहेत, पण महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे इथे पोर्क, चिकन आणि मश्रूमवर भिस्त. आणि ही हॉटेलं फक्त सिरियल बघणाऱ्या पोरापोरींसाठी निघालेली नाहीत हं. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईकडे आला. घरापासून लांब नोकरी करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी आपलं जेवण लागतंच. हिंजवडीत वरणभात शोधणाऱ्या लातूरकराला हे सांगायला नको.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने टीमला कोरियन खायला नेलं होतं. आठ जण. बिल आलं, मी मोबाईलवर आठने भागलं, माणशी सोळाशे पन्नास. सगळ्यांनी जागच्या जागी पैसे पाठवले. आमच्यातला सगळ्यात ज्युनियर पोरगा शाकाहारी. त्याने भात आणि मश्रूम खाल्लं होतं. किमचीलासुद्धा हात लावला नव्हता, कारण तिच्यात बऱ्याचदा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते हे त्याने आधीच वाचून ठेवलं होतं. त्यानेही निमूटपणे सोळाशे पन्नास पाठवले. त्यानंतर तीन-चार वेळा तो जेवायला आला नाही. कधी संकष्टी, कधी डोकं दुखतंय, कधी गावाहून पाहुणे. बऱ्याच महिन्यांनी चहाच्या टपरीवर सहज बोलताना कळलं की तो पगारातून शिक्षणाचं कर्ज फेडतोय आणि घरीही पैसे पाठवतो. मला काय बोलावं सुचेना. कोड रिव्ह्यूमध्ये दुसऱ्यांच्या एजकेस शोधणारा मी, आणि टेबलावर समोर बसलेली एजकेस दिसली नाही.

म्हणून बुफेच्या बाजूने एक गोष्ट मी मान्य करतो. आकडा आधी माहीत असतो. ज्याला परवडत नाही तो आधीच काहीतरी कारण सांगू शकतो, आणि आलेल्या माणसाला मेनूकार्डाच्या उजव्या बाजूकडे चोरून बघावं लागत नाही. शाकाहारी माणसालाही दहा प्रकार मिळतात. ही छोटी गोष्ट नाही.

पण बुफेत आमचा आणखी एक पराक्रम झालेला आहे. मागे एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ तिथेच केला होता. अकरा जण, हजाराच्या आसपास ताट. "वसूल करा रे" हा एकच मंत्र. कोणी सळ्या मोजतंय, कोणी काउंटरवर, कोणी तिसऱ्या कुल्फीवर. ज्याच्यासाठी आलो तो मधल्या खुर्चीवर मोबाईल बघत बसलेला. आता आपल्या टिळक रोडवरच्या दुर्वांकुरची थाळीसुद्धा अमर्यादच असते की! पण तिथे वाढपी फिरतो, आपण बसून असतो, त्यामुळे गप्पा तुटत नाहीत. बुफेत एकदा पैसे भरले की ते गेलेच, तरी आपण ते पोटातून परत मिळवायला बघतो आणि सोबतच्या माणसाला विसरतो.

कोरियन टेबलावर हे जमत नाही. एकाला चिमटा हातात घ्यावाच लागतो. मांस भाजेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागतं, आणि थांबलं की माणूस बोलतो. "हा तुकडा झालाय, घे तू" असं म्हणून दुसऱ्याच्या ताटात वाढावं लागतं. (कोरियातही 'अमर्याद' बार्बेक्यूवाले आहेत, त्यामुळे हा काही देशाचा गुण नाही. भाजायला कोणीतरी बसतं म्हणून असं होतं.)

तेव्हा माझं मत विचाराल तर, दहा-बारा जण असतील, प्रोजेक्ट संपल्याची मजा करायची असेल, तर खुशाल ग्रिल बुफे. पण एखाद्याला निरोप द्यायचा असेल, आणि तोही अशा माणसाला ज्याची नोकरी गेलीय, तर कोरियन. फक्त बिलाचं आधी ठरवा. समान वाटणी ही ऐकायला न्याय्य वाटते, पण एकाच टेबलावर पगार तिप्पट-चौपट वेगळे असतात. आपल्याकडे गणपतीची वर्गणी तरी सगळ्यांकडून सारखी कुठे घेतात?

यावेळी मी ग्रुपवर एवढंच टाकलं: "शुक्रवारी कोरियन. आम्ही चार सीनियर बिल भरणार, बाकीच्यांनी फक्त यायचं. मश्रूम आणि टोफू वेगळ्या जाळीवर सांगून ठेवलंय." बुफे पार्टीने थोडी कुरकुर केली. ज्युनियर पोराचा लगेच अंगठा आला. ज्याचा निरोप आहे त्याने बऱ्याच वेळाने लिहिलं, "भाजायचं काम माझ्याकडे द्या रे."

चिमटा त्याच्याकडे. कात्री मी घेतोय :)