मणक्यातला गॅप

माझं पाठीचं ऑपरेशन झालं त्याला आता वर्ष होत आलं, पण फोन काही थांबलेले नाहीत. राजूरमध्ये आणि आजूबाजूच्या वाड्यांवर कुणाची कंबर धरली की आधी मला विचारतात. "सर, तुमचं झालंय ना? मग करावं का नको?" बस्स, एवढाच प्रश्न. अर्धे लोक 'हो' ऐकायला फोन करतात, अर्धे 'नको' ऐकायला! एकेकाला सांगून दमलो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. शिवाय घरातलंही एक कारण आहे, ते पुढे येईलच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'करावं का नको' हे डॉक्टर आणि आपण मिळून ठरवू शकतो, त्याचे काही ठोकताळे आहेत. आपल्याकडे घोडं अडतं ते त्याच्यापुढे. ऑपरेशननंतरचे तीन महिने पेशंटच्या वाटणीचं काम कोण करणार, हे कोणी ठरवतच नाही.

पण आधी थोडं दुखण्याबद्दल. आपल्याकडे पाठीचं सगळं दुखणं दोन शब्दांत बसतं, उसण आणि गॅप. वाकताना एकदम कळ आली, सरळ होता येईना, की उसण भरली. मग पायाळू माणूस शोधायचा आणि त्याची लाथ खायची! (जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. हे शहरात वाढलेल्या भाचेमंडळींसाठी.) उसण बहुतेक वेळा स्नायू आखडल्यामुळे असते आणि काही दिवसांत आपली आपण उतरते. श्रेय मात्र लाथेला जातं. नस दबलेली असेल तर असले प्रयोग अजिबात नकोत.

दुसरा शब्द 'मणक्यात गॅप'. हा शब्द आपल्याकडे इतका रुजलाय की काढणं कठीण. खरी गोष्ट उलटी आहे. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, बाहेरून चिवट, आतून मऊ. वयानं ती सुकते, चपटी होते. म्हणजे गॅप पडत नाही, असलेला कमी होतो. कधी तिचं बाहेरचं आवरण फाटतं आणि आतला मऊ भाग बाहेर येऊन शेजारच्या नसेवर दाब देतो. मग कळ कमरेतून निघून मांडीच्या मागून पोटरीत आणि थेट पावलात उतरते. हीच सायटिका. आयुर्वेदात हिला गृध्रसी म्हणतात, म्हणजे रोगी गिधाडासारखा चालतो. मी दोन महिने तसाच चालत होतो. वर्गातली पोरं हसायची, मीही हसून घ्यायचो.

आता ठोकताळे. एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली म्हणून कोणी ऑपरेशन करू नये. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ९८ लोकांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून जास्त लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली निघाली! म्हणजे फोटोवर इलाज करायचा नसतो, माणसावर करायचा असतो.

दुसरी गोष्ट, सायटिका बऱ्याच जणांची ऑपरेशनशिवाय बरी होते. २००७ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास छापून आला. दीड ते तीन महिने जोराची सायटिका असलेले २८३ रुग्ण घेतले. काहींचं लवकर ऑपरेशन करायचं ठरवलं, बाकीच्यांना औषधं आणि व्यायामावर थांबवलं. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्हीकडचे सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधे ऑपरेशन करून घ्यावंच लागलं, हेही खरं. म्हणजे साध्या सायटिकेत घाई नको, आणि कळ सोसतच नसेल तर ऑपरेशनची भीतीही नको.

पण, आणि हा 'पण' नीट वाचा, ज्यांच्या पायातली ताकद फारच गेली होती त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. त्यांचा हिशोब वेगळा. पाऊल वर उचलता येत नसेल, पायातली चप्पल निसटते आणि कळत नसेल, तर लगेच डॉक्टर गाठायचा आणि तो सांगेल ते पुढे ढकलायचं नाही. आणि लघवी तुंबली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागेला मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर उद्याचीही वाट बघायची नाही. त्याच रात्री गाडी काढायची.

माझं प्रकरण साधं होतं. दोन महिने थांबलो, औषधं, व्यायाम सगळं केलं, कळ हटेना. मग नाशिकला एमआरआय, आणि नंतर तिथेच एका दवाखान्यात ऑपरेशन. पाठीवर जेमतेम इंचभर छेद, नसेवर आलेला गादीचा तुकडा काढला, तासा-दीड तासाचं काम. दुसऱ्या दिवशी चालवलं. पायातली कळ गेली होती! पण कंबर पुढे कित्येक आठवडे दुखत राहिली. हे ऑपरेशन नसेवरचा दाब काढतं, पाठ नवी करून देत नाही. शंभरातल्या पाच-दहा जणांची गादी त्याच जागी पुन्हा बाहेर येऊ शकते. त्यामुळे नंतर पाठ कशी वापरायची हे महत्त्वाचं.

घरी येतानाच त्याची सुरुवात झाली. बसून प्रवास ही पाठीला शिक्षाच. गाडीची सीट मागे पाडून आडवा झालो, घोटीला आणि बारीला उतरून पाच-पाच मिनिटं चाललो, मग राजूर. घरी प्लास्टिकची कमोड खुर्ची आणून ठेवलेली. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या जोरावर उठायचं. जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही, बादली उचलायची नाही. आणि चालायचं! भेटायला येणारा प्रत्येक जण पेढ्याचा पुडा पुढे करून "झोपून राहा, हलू नका" असं बजावून जायचा. राजूरचे पेढे खाऊन आणि झोपून राहून पाठीचं काय झालं असतं ते सांगायला नको. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, महिन्याभरात एसटी स्टँडपर्यंत. असा वाढवत गेलो.

हे सगळं जमलं, कारण मी शिक्षक आहे. मला वैद्यकीय रजा मिळाली, पगार चालू राहिला, घरात नळ आहे आणि बायकोनं बाकी सगळं ओढलं. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर चार ओळी होत्या, त्याही इंग्रजीत. जड उचलू नये, पुढे वाकू नये, वगैरे. तो कागद माझ्यासारख्या खुर्चीवरच्या माणसासाठी लिहिलेला होता. आमच्या तालुक्यातल्या बाईसाठी त्याचा अर्थ काय होतो? आवणीला चिखलात दिवसभर कंबरेत वाकून भाताची रोपं लावायची असतात. हंडा असतो, मोळी असते, चुलीपुढे बसणं असतं. 'पुढे वाकू नये' म्हणजे तिनं जगूच नये असं होतं ते!

आता घरातलं कारण. माझ्या चुलतभावाच्या घरी, वहिनींना सायटिका आहे. (त्यांना विचारूनच लिहितोय.) गेल्या पंधरवड्यापासून डाव्या पायातली चप्पल वाटेत राहते आणि त्या चार पावलं पुढे गेलेल्या असतात. पाऊल वर उचलत नाही. डॉक्टरांनी तपासलं, एमआरआय बघितला आणि स्पष्ट सांगितलं, थांबू नका. घरात ठरलं काय? आवणी उरकू द्या, मग बघू.

कोणी वाईट नाही यात. पाऊस पडला की खाचर थांबत नाही, रोप जून होतं, मजूर मिळत नाहीत. ऑपरेशनचा खर्च सरकारी योजनेत बसवता येईल, पण बुडालेली आवणी कुठल्या योजनेत बसते? मला हे सगळं कळतं. पण दबलेली नस आपल्या आवणीसाठी थांबत नाही. ताकद जितके दिवस गेलेली, तितकी ती परत येण्याची खात्री कमी. पीक एका सालचं असतं, पाऊल जन्माचं.

आणि दुसरी भीती मला याहून जास्त वाटते. समजा ऑपरेशन झालं, टाके निघाले, वहिनी चालायला लागल्या. मग घरातले म्हणणार, "बरं झालं ना आता, मग लाग कामाला." चालणारा माणूस आपल्याला आजारी वाटतच नाही. मुंबईच्या श्रेयस अय्यरचं पाठीचं ऑपरेशन २०२३ साली झालं. दिमतीला फिजिओ, ट्रेनर, सगळी फौज असूनही त्याला मैदानावर परतायला चार महिन्यांहून जास्त लागले. पुढे त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं ५३० धावा काढल्या, ते त्या चार महिन्यांच्या जोरावर. आणि आपण घरच्या बाईला बाराव्या दिवशी हंडा उचलायला लावायचा?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की ऑपरेशनची तारीख घेतानाच घरातल्या सगळ्यांनी बसून तीन महिन्यांची वाटणी करावी. पाणी कोण भरणार, चूल कोण बघणार, गुरं कोणाकडे. गॅसची शेगडी टेबलावर घ्या, पाण्याची भांडी कमरेच्या उंचीवर ठेवा, कमोड खुर्ची आधी आणा. झोळ पडलेली बाज नको, सपाट पलंग बघा. पट्टा आणि व्यायाम डॉक्टर सांगतील तसा आणि तितकाच, शेजारी सांगतील तसा नको. आणि पुढच्या आवणीलाही वहिनी चिखलात उतरतील की नाही, हे सासूबाईंनी नाही, डॉक्टरांनी ठरवावं.

दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. या सालच्या आवणीला दोन बायांची मजुरी मी देतो, शेवटच्या खाचरापर्यंत. आमच्या हिनं वहिनींच्या घरचं सकाळचं पाणी अंगावर घेतलंय, पोरं संध्याकाळी गुरं बांधतील. नाशिकला मी बरोबर येतो, येताना घोटी-बारीला कुठे थांबायचं ते मला ठाऊक आहे. आत्या, तू पण महिनाभर ये राहायला, तुझं ऐकतात सगळे.

तारीख तेवढी घे. या आठवड्यातलीच.