सात वर्षांचे बालक आणि वेदीवरील भाकर

एका मातेचे पत्र आमच्यापुढे आहे. तिचा मुलगा साडेसात वर्षांचा. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी तिने त्याचे नाव धर्मशिक्षणाच्या वर्गात घातले; परंतु परीक्षेच्या दिवशी दहा आज्ञा म्हणताना सहावीनंतर तो अडला, सात संस्कारांपैकी त्यास पाचच आठवले, आणि 'तत्त्वपरिवर्तन' हा शब्द तर त्याच्या जिभेवर चढेना. शिकविणाऱ्यांनी सांगितले, "यंदा राहू द्या, पुढल्या वर्षी पाहू." त्याच्या बरोबरीच्या मुलांचे पांढरे कपडे शिंप्याकडे गेले आहेत, आणि हा घरी येऊन विचारतो, "आई, मी येशूकडे नापास झालो का?" या प्रश्नास काय उत्तर द्यावे, असे ती माता आम्हांस विचारते.

गेले काही आठवडे आम्ही या सदरात सात संस्कारांविषयी क्रमाने लिहीत आहो. क्रमाप्रमाणे आज दृढीकरणाची पाळी होती. ती पुढे ढकलून आम्ही या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो एका मुलाचा नाही. आमच्या सीमाभागात मूल घरी कोकणी किंवा मराठी बोलते, शाळेत कन्नड वा इंग्रजी शिकते, आणि रविवारी ग्रांथिक मराठीत धर्मशिक्षणाची उत्तरे पाठ करते. अशा मुलास 'येते' किंवा 'येत नाही' हे ठरविण्यापूर्वी त्यास नेमके काय यावयास हवे, हे वडील माणसांनी पाहणे जरूर आहे.

प्राचीन ख्रिस्तसभेत स्नानसंस्कार झालेल्या तान्ह्या बालकांसही ख्रिस्तप्रसाद देत असत. पौर्वात्य ख्रिस्तसभांत ही प्रथा आजही चालू आहे. पाश्चात्य ख्रिस्तसभेत ती हळूहळू मागे पडली. पुढे 1215 साली लॅटरन येथील चौथ्या महासभेने नियम केला की, विवेकाच्या वयास पोहोचलेल्या प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे व निदान पुनरुत्थानाच्या सणाच्या काळी ख्रिस्तशरीर स्वीकारावे. ट्रेंटच्या महासभेने 1562 साली स्पष्ट केले की, विवेक न आलेल्या लहान बालकांवर हे बंधन नाही; तथापि पूर्वी त्यांस हा संस्कार दिला जाई, त्यासही तिने दोष दिला नाही. येथपर्यंत सारे सरळ होते. घोटाळा झाला तो 'विवेकाचे वय' या शब्दांवर. पापनिवेदनासाठी एक वय आणि ख्रिस्तप्रसादासाठी दुसरे, अशी फोड करून कोठे दहा, कोठे बारा, तर कोठे चौदा वर्षे पुरी होईपर्यंत मुलांस वेदीपासून दूर ठेवू लागले. यान्सेनवाद्यांच्या कठोर शिकवणुकीची त्यात भर पडली. ख्रिस्तप्रसाद हे दुर्बळ माणसाचे औषध नसून सद्गुणी माणसाचे बक्षीस आहे, अशी ती समजूत होती.

याचा परिणाम काय झाला, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. विवेक आलेले मूल मरणाच्या दारी असतानाही 'याचे प्रथम ख्रिस्तशरीर झालेले नाही' म्हणून त्यास अखेरचा ख्रिस्तप्रसाद कित्येक ठिकाणी नाकारला जाई, आणि त्याचा दफनविधी तान्ह्या बालकाचा करीत. ज्याला पाप करण्याइतकी समज आली, त्याला शिदोरी घेण्याइतकी आली नाही, असा हा अजब न्याय होता! पोप दहावे पायस यांनी तो मोडून काढला. 8 ऑगस्ट 1910 रोजी त्यांच्या अधिकाराने निघालेल्या आज्ञापत्राने हा प्रकार अत्यंत निंद्य ठरविला, आणि विवेकाचे वय म्हणजे सुमारे सातवे वर्ष, कधी त्याच्या थोडे पुढे तर कधी थोडे मागे, असे सांगून वादाचा शेवट केला. 1954 साली संतपदास चढविलेल्या या पोपमहाशयांचे जगभरच्या बालकांवर फार मोठे ऋण आहे. गेल्या वर्षी, 7 सप्टेंबर 2025 रोजी, ज्यांस संत म्हणून घोषित केले ते कार्लो अकुतिस वयाच्या सातव्या वर्षीच प्रथम वेदीजवळ गेले होते, आणि पंधराव्या वर्षी त्यांचा अंत झाला. चौदा वर्षे थांबविण्याची जुनी रीत असती तर त्यांच्या वाट्यास काय आले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता मुख्य मुद्दा. त्या आज्ञापत्राने मुलाकडून काय मागितले? तारणासाठी अत्यावश्यक अशी श्रद्धेची सत्ये त्याने आपल्या कुवतीप्रमाणे जाणावी: देव एक आहे व तो न्यायी आहे, त्या एका देवात पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्ती आहेत, पुत्र आपल्यासाठी मनुष्य झाला व क्रुसावर मेला. आणि दुसरे म्हणजे, ख्रिस्तप्रसादाची भाकर ही पोटाची भाकर नव्हे, एवढा भेद त्यास कळावा व त्याच्या वयास शोभेल अशा भक्तीने त्याने ती स्वीकारावी. बाकीचे सारे धर्मशिक्षण त्याने पुढे क्रमाक्रमाने शिकावयाचे आहे, आणि ते शिकलेच पाहिजे. परंतु ते वेदीच्या वाटेवरचा अडसर नव्हे.

हा भेद मुलास समजवावा कसा? येथे चांगले चांगले शिक्षक घसरतात. 'पाण्याचा जसा बर्फ होतो' असा दाखला आम्ही अनेकदा ऐकला आहे. दाखला सोपा खरा, पण तो नेमका उलटा आहे. बर्फात रूप बदलते, वस्तू पाणीच राहते. वेदीवर रूप तसेच राहते, म्हणजे रंग, चव, आकार सारे भाकरीचे. आणि वस्तू बदलते, ती ख्रिस्ताचे शरीर होते. काना गावच्या लग्नाचा दाखलाही पुरा बसत नाही, कारण तेथे पाण्याचे रूप व चव दोन्ही पालटली. खरे पाहता सृष्टीत याला जोडच नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे की, हे सत्य इंद्रियांनी वा बुद्धीने गवसत नाही, केवळ देवाच्या शब्दावरील श्रद्धेने गवसते. आणि शब्दावर विश्वास ठेवणे मोठ्या माणसास जड जाते, तेवढे मुलास जात नाही. 'हे तुझे मामा' असे आईने सांगितले की मूल पुरावा मागत नाही. 'हे माझे शरीर आहे' असे प्रभूने सांगितले, म्हणून ते आहे. सात वर्षांच्या बालकास आम्ही एवढेच सांगतो, आणि सत्तर वर्षांच्या पंडितास सांगण्यासारखे याहून वेगळे आमच्याजवळ काही नाही.

एक व्यावहारिक सूचना. विधीच्या आधी मुलांस अभिमंत्रित न केलेली ओस्ती चाखावयास देण्याची रीत आहे. ती चांगली आहे. बेचव पापुद्रा टाळूस चिकटला की काही मुले भांबावतात. मात्र त्याच वेळी सांगावे की, ही नुसत्या गव्हाच्या पिठाची व पाण्याची आहे, अजून फादरांनी हिच्यावर प्रभूचे शब्द उच्चारलेले नाहीत. भेद शिकविण्याची याहून चांगली संधी दुसरी मिळत नाही, आणि बहुधा आपण ती हसण्याखिदळण्यात घालवितो.

हे सारे आम्ही आज लिहितो. पण आम्हांस ते पाठशाळेत शिकूनही कळले नव्हते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, आमच्या पहिल्याच धर्मग्रामात, नऊ वर्षांचा एक मुलगा होता. बोबडा, अभ्यासात फार मागे. आई परगावी कामाला, सांभाळ आजीचा. परीक्षेत त्यास एकही उत्तर धड देता आले नाही, आणि आम्ही त्याचे नाव यादीतून काढले. आजी पडवीत येऊन म्हणाली, "फादर, पोराला बोलता येत नाही, पण कळतं." आम्ही तरुण होतो, नियमाचा अभिमान होता. "पुढल्या वर्षी बघू, आजी," असे म्हणून आम्ही तिला वाटेस लावले.

पुढे दोन महिन्यांनी, रविवारच्या मिस्सात ख्रिस्तप्रसाद वाटताना, एका वृद्ध बाईच्या थरथरत्या हातातून ओस्ती निसटून खाली पडली. रांग मागून पुढे सरकतच होती. वर्गात पहिली आलेली मुले पांढऱ्या पोशाखात तेथेच बसली होती. ती पाहत राहिली. हा मुलगा पहिल्या बाकावरून उठला, गुडघ्यांवर बसला, आणि ओस्तीस स्पर्श न करता दोन्ही हातांचे कुंपण करून तिच्याभोवती धरून राहिला. आम्ही वाकून ती उचलीपर्यंत तो हलला नाही. मिस्सानंतर आम्ही त्यास विचारले, "तू तेथे का बसलास रे?"

"पाय पडला असता, फादर."

"कशावर?"

त्याने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्हीच परीक्षेत अडलो होतो. मग म्हणाला, "येशूवर."

पुढच्या रविवारी त्याचे प्रथम ख्रिस्तशरीर झाले. आजीची आम्ही क्षमा मागितली. ती म्हणाली, "असू दे, फादर." तिला कपड्यांची काळजी होती, धुतलेला शाळेचा सदरा चालेल, असे सांगितल्यावर ती सुखावली.

यावरून पाठांतराची कोणी थट्टा करू नये. संत फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यास आले, तेव्हा ते हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत, मुलांस गोळा करीत आणि प्रार्थना त्यांच्याकडून घोकून घेत. आमच्या आजोबा-आजींची दोत्रीनही अशीच तोंडपाठ होती, आणि आजारपणात, अंधारात, शुद्ध हरपत असताना तीच त्यांच्या ओठांवर आली, हे आम्ही खाटेजवळ बसून ऐकले आहे. पाठ केलेले शब्द मनाच्या कोठारात पडून राहतात व वेळेवर कामास येतात. तक्रार आहे ती कोठाराचा हिशेब विचारून भुकेल्यास जेवण नाकारण्याची.

मुलाची तयारी झाली की नाही, हे कोणी ठरवावे? 1983 च्या धर्मविधिसंहितेच्या 914 व्या कलमाने हे कर्तव्य प्रथम आईबापांवर ठेवले आहे, त्यानंतर धर्मगुरूवर. अपात्र मूल वेदीशी येऊ नये, हे पाहणेही धर्मगुरूचेच काम. शिक्षकांचे साहाय्य मोलाचे आहे, पण निकाल त्यांनी लावावयाचा नाही. आणि खरे सांगावयाचे तर, आईबाप तो आनंदाने त्यांच्यावर सोपवितात, कारण जेवणाच्या बेताची व छायाचित्रकाराची धावपळ त्यांच्यामागे असते.

प्रथम ख्रिस्तशरीरापूर्वी पापनिवेदन, ज्यास वडीलधारी माणसे कुमसार म्हणत, ते झाले पाहिजे. मुलास त्याची धास्ती घालू नये. बहिणीस मारले, खोटे बोललो, प्रार्थना चुकविली, हे त्याने आपल्या शब्दांत व आपल्या घरच्या भाषेत सांगावे. उपवासाचाही बाऊ नको. पूर्वी मध्यरात्रीपासून पाणीदेखील वर्ज्य असे आणि लहान मुले मिस्सात घेरी येऊन पडत. 1964 पासून ख्रिस्तप्रसादापूर्वी एक तास पुरतो, आणि पाणी केव्हाही चालते.

आता त्या भगिनीस. येत्या आठवड्यात एका संध्याकाळी मुलास घेऊन मंदिरात जावे, लोकांची गर्दी नसताना. साक्रारीजवळ तांबडा दिवा तेवत असतो, तो त्यास दाखवावा आणि विचारावे, "हा दिवा येथे का लावला असेल?" त्याला बोलू द्यावे, उत्तर आपण पुरवू नये. घरी भाकरी वाढताना विचारावे, "ही आणि ती एकच का?" तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत आपल्या धर्मगुरूंस कळवावे, हवे तर हे पान सोबत न्यावे. दहा आज्ञांपैकी राहिलेल्या चार त्यास पावसाळा संपेपर्यंत येतील. आणि तो पुन्हा विचारील, "मी नापास झालो का?" तर त्यास सांगावे की, परीक्षा अजून झालेलीच नाही, फादर एकच प्रश्न विचारणार आहेत.