कलिंगड, टाइमशीट आणि स्ट्रेस मॅनेजमेंट

सध्या आयटी कंपन्यांत स्ट्रेस मॅनेजमेंटची लाट आहे. एच.आर.ची मेल येते, शुक्रवारी दुपारी चार वाजता मोठ्या कॉन्फरन्स रूममध्ये एक गुरुजी येतात (हल्ली त्यांना कोच म्हणायचं), दिवे मंद करतात, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या म्हणतात. पाऊण तासाने समोसा आणि कॉफी. मग मंडळी प्रसन्न चेहऱ्याने आपापल्या जागेवर येतात आणि आठवड्याची टाइमशीट भरतात. खोटी.

प्राणायामाला माझा अजिबात विरोध नाही. चांगली गोष्ट आहे, करावी. पण आपल्या धंद्यातलं निम्मं टेन्शन कामाचं नसतं, कामाबद्दल मारलेल्या थापांचं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि थापांवर श्वासाचा इलाज चालत नाही. पायात काटा रुतलाय आणि आपण डोक्याला बाम चोळतोय.

हे म्हटलं की दोन प्रतिक्रिया येतात. एक, 'आला मोठा हरिश्चंद्र!' दुसरी, 'अरे, जरा प्रॅक्टिकल हो.' हरिश्चंद्राचं सोडून द्या, स्वप्नात दिलेल्या शब्दासाठी त्याने बायकोपोराचे जे हाल केले ते मला लहानपणीही पटले नव्हते. मी प्रॅक्टिकलबद्दलच बोलतोय. खोटं बोलणं हे पाप आहे की नाही ते कीर्तनकारांना विचारा. माझा मुद्दा एवढाच की ते फार महागात पडतं, आणि महागात का पडतं हे प्रोग्रामरला तरी समजावून सांगावं लागू नये.

एकच माहिती दोन ठिकाणी ठेवायची नाही, हे आपण कॉलेजात शिकतो. ठेवली तर दोन्ही प्रती जुळत्या ठेवायचं काम कायमचं मागे लागतं, आणि एक दिवस त्या जुळत नाहीत. खोटं म्हणजे दुसरं काय असतं? घडलेलं ही एक प्रत, सांगितलेलं ही दुसरी. तीही एक नाही हो. मॅनेजरला सांगितलं 'आईची तब्येत बरी नाही', आईला सांगितलं 'ऑफिसात फार काम आहे', मित्रांबरोबर गेला लोणावळ्याला आणि फोटो टाकला तिसऱ्याच कुणीतरी. आता कुणाला कुठली आवृत्ती दिली आहे हे लक्षात ठेवणारा जो सर्व्हर रात्रंदिवस चालू आहे, तो तुमच्याच डोक्यात आहे आणि त्याचं बिलही तुम्हालाच येतं. खरं बोलणाऱ्याला हे काहीच लक्षात ठेवावं लागत नाही. माझी स्मरणशक्ती बेताची आहे, मला हाच सौदा परवडतो.

आता कलिंगडाकडे. प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाले 'वॉटरमेलन स्टेटस' म्हणतात, बाहेरून हिरवं आणि आतून लाल. दर सोमवारी क्लायंटला जाणाऱ्या त्या एक्सेलमध्ये सगळं हिरवंगार आणि आत रक्तबंबाळ. हे कुणा एका खलनायकाचं काम नसतं, म्हणून तर ते इतकं पसरतं. डेव्हलपर म्हणतो 'ऑलमोस्ट डन', म्हणजे सुरुवात झालीये. लीड त्याचं ८० टक्के करतो. मॅनेजर थोडं पॉलिश करून 'ऑन ट्रॅक' लिहितो. प्रत्येक जण एकेक चिमूट घालतो आणि वरच्या साहेबापर्यंत पोचेपर्यंत पाण्याचं दूध झालेलं असतं.

मागे एका प्रोजेक्टवर मी हे जवळून पाहिलं. जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये आणायचा होता. तो मॉड्यूल पाच आठवडे ८० टक्क्यांवर उभा. सहाव्या सोमवारी क्लायंट कॉलवर कुणीतरी टेस्टिंगच्या मुलीला सहज विचारलं, तुझ्याकडे कधी आला? सोलापूरची, नवीन लागलेली, अजून 'प्रॅक्टिकल' व्हायची होती. ती म्हणाली, 'माझ्याकडे काहीच आलेलं नाही, आणि मला वाटतं ते अजून सुरूच झालेलं नाही.' म्यूटचं बटण दाबायला कुणाला सुचलं नाही. मला तर पुढे काय होणार ते दिसतच होतं, रडारड, एस्कलेशन, पोरीची बदली. झालं काय? पलीकडच्या बाईंनी दोन मिनिटं विचार केला, तारीख तीन आठवडे पुढे ढकलली आणि म्हणाल्या, त्यातले दोन रिपोर्ट तसेही कुणी वापरत नाही, ते काढून टाका. संपलं! पाच आठवडे तीन माणसं रात्री अकरापर्यंत बसून ज्या गोष्टीला भीत होती ती दोन मिनिटांत संपली. दर वेळी असं गोड होतं असा माझा दावा नाही, कधीकधी खरंच फाशीवर चढवतात. पण पहिल्याच आठवड्यात कुणी बोललं असतं तर दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

वॉर्ड कनिंगहॅमने १९९२ मध्ये 'टेक्निकल डेट' ही कल्पना मांडली. घाईत लिहिलेला कोड म्हणजे कर्ज, फेडेपर्यंत व्याज चालू. थापेचं कर्ज मात्र त्याहून वाईट. कोड निदान जागच्या जागी पडून राहतो. थाप दर तिमाहीला मोठी करावी लागते, कारण पुढची थाप मागचीशी जुळायला हवी.

यावर 'थापा छोट्या असतात रे, त्याने काय होतंय' म्हणणाऱ्यांनी सत्यम आठवावं. ७ जानेवारी २००९. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत नफ्याचं प्रमाण २४ टक्के दाखवलं होतं, खरं होतं ३ टक्के. लोक हे आकडेच लक्षात ठेवतात. मला त्या पत्रातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सुरुवातीला खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातलं अंतर अगदी किरकोळ होतं, असं ते लिहितात. पण पुढच्या वर्षी त्या फुगवलेल्या आकड्यापेक्षा जास्त दाखवणं भाग होतं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. ही वाघावरची स्वारी होती, खाल्लं न जाता उतरायचं कसं ते कळेना, असंही त्यांनीच लिहिलं. डिसेंबर २००८ मध्ये घरच्याच मायटास कंपन्या विकत घेऊन खोट्या मालमत्तेच्या जागी खरी ठेवायचा शेवटचा प्रयत्न झाला, तो गुंतवणूकदारांनी काही तासांत हाणून पाडला. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात अपिलात ती स्थगित होऊन जामीन मिळाला. ते कोर्टाचं कोर्टाला. मी विचार करतो तो मधल्या वर्षांचा. रोज सकाळी उठून नसलेल्या पैशांवर व्याज मिळाल्याचं दाखवायचं! कुठला कोच पुरणार होता या माणसाला?

आणि 'आम्ही काय, वरून सांगतात तसं करतो' हेही आपल्याकडचं लाडकं वाक्य. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये प्रदूषण चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं सोज्ज्वळ वागणारं सॉफ्टवेअर होतं. २०१५ मध्ये ते उघडं पडलं. त्यात गुन्हा कबूल केलेल्या जेम्स लियांग या इंजिनिअरला ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकन कोर्टाने ४० महिन्यांची कैद आणि दोन लाख डॉलर दंड ठोठावला. तो कंपनीचा मालक नव्हता. आपल्यासारखाच, पगारी.

एवढं मोठं सोडा, घरचंच घ्या. जानेवारी आला की ऑफिसात इन्व्हेस्टमेंट प्रूफचा हंगाम सुरू होतो. स्टेशनरीच्या दुकानातून भाडेपावतीचं पुस्तक, दोन-तीन रंगांची पेनं (हस्ताक्षर बदलायला!), रेव्हेन्यू स्टँप, आणि घरमालक म्हणून वडील किंवा मावशी. आई-वडिलांना खरोखर भाडं देत असाल, ते बँकेतून जात असेल आणि ते आपल्या उत्पन्नात दाखवत असतील तर त्यात बेकायदा काही नाही. मी बोलतोय ते न दिलेल्या भाड्याबद्दल. वर्षाला एक लाखापेक्षा जास्त भाडं असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून आपले हुशार लोक महिना ८,३०० लिहितात. आता गणित करा. बेसिक ५०,००० असेल तर भाड्यातून त्याचे दहा टक्के वजा होतात, म्हणजे सूट मिळते महिना ३,३०० वर, वर्षाला ३९,६००. ३० टक्क्यांच्या स्लॅबात सेससकट कर वाचतो साधारण १२,३५० रुपये. महिना हजार रुपये! तेवढ्यासाठी बापाला खोट्या पावतीवर सही करायला लावायची, आणि आयकर खात्याची साधी मेल आली तरी पोटात गोळा. पकडलं गेलं तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो तो वेगळाच. 'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण बहुतेक या हंगामासाठीच केली असावी. नवी कररचना निवडली तर ही सूटच नाही, त्यामुळे बऱ्याच जणांचा प्रामाणिकपणा सरकारने परस्पर सुधारलाय. :)

मला आपल्या भाषेतली एक म्हण मुळीच आवडत नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची.' कुणी सव्वा लाख दिलेत हो झाकल्या मुठीचे? मूठ झाकून ठेवायला किती ताकद लागते ते पाच मिनिटं आवळून बघा. इंटरव्ह्यूत 'हे मला येत नाही' म्हणायला तीन सेकंद लागतात. न म्हणता बायोडेटात दोन वर्षांचा बनावट अनुभव घुसवला, तर बॅकग्राउंड चेकची मेल येईपर्यंत महिनोन्‌महिने जीव टांगणीला. आणि त्यातून पास झालात तर आणखी वाईट. आता तो अनुभव रोज दाखवायचाय.

आता खरा आक्षेप, ज्याला मी मान देतो. 'तुझं ठीक आहे, माझ्या डोक्यावर ई.एम.आय. आहे, मी मॅनेजरला नाही कसं म्हणू?' बरोबर आहे. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, म्हणजे महिना ५२,००० च्या वर आणि एकूण परतफेड जवळजवळ सव्वा कोटी. हा हप्ता ज्याच्या मानेवर आहे आणि बँकेत शिल्लक एका महिन्याची, त्याच्याकडून खरं स्टेटस कसं निघणार? त्याला खोटारडा म्हणायची माझी हिंमत नाही. पण मग दुखणं कुठे आहे ते तरी नीट बघा. दोन खोल्यांत भागत असताना तीन खोल्या, वर बिल्डरला 'थोडं कॅश' (२०१५ पासून मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेणं बेकायदा आहे, तरी विचारतातच), वर दारात मोठी गाडी. या सगळ्याने आपण स्वतःची 'नाही' म्हणायची सोय विकून टाकतो. सहा महिन्यांचा खर्च बँकेत पडून असलेला माणूस मीटिंगमध्ये वेगळ्या आवाजात बोलतो, बघा कधी निरीक्षण करून. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत हा परतावा कुणी दाखवत नाही.

आणि कृपा करून खरं बोलणं म्हणजे तोंडावर फटकन बोलणं असं समजू नका. 'मी बुवा स्पष्टवक्ता' म्हणणाऱ्यांचा मला खोटारड्यांइतकाच ताप होतो. काकूंच्या मोदकाची कळी फुटली असेल तर ते सांगायची काही गरज नाही, गप्प खावा आणि वर तूप मागून घ्यावं. सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं. फक्त जे सांगाल ते घडलेलं असू द्या.

आपला राष्ट्रीय शब्द आहे 'बघतो'. लग्नाला येणार का? बघतो. शनिवारी रिलीजला थांबशील? बघतो. पैसे उसने देशील? बघतो, करतो काहीतरी. आपल्याला आत्ताच माहीत असतं की आपण बघणार नाही, समोरचा मात्र वाट बघत बसतो, आणि त्याचा फोन आला की आपण तो वाजू देतो. हे फोन न उचलण्याचं टेन्शन एका 'नाही जमणार'ने जातं. दोन वर्षांपूर्वी मी 'बघतो' म्हणायचं सोडलं. त्यापायी दोन नातेवाईक आणि सोसायटीचं गणपती मंडळ माझ्यावर नाराज आहेत. नाटकात काम करणार नाही म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ज्याने 'बघतो' सांगितलं होतं त्याला यंदा सेनापती केलाय आणि तो तालमीच्या वेळी जिन्याने येतो-जातो. लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटतात म्हणे.