‘नंतर जडतंच प्रेम’ म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, एक गोष्ट आपल्याला फार आवडते. मनाविरुद्ध लग्न लागतं. ती रुसलेली, तो अबोल. मग हळूहळू काहीतरी उमलतं आणि शेवटच्या पानावर आपले डोळे भरून येतात. वाचनालयातल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमध्ये ही गोष्ट असते, दुपारच्या मालिकांमध्ये असते. २००८ साली ‘जोधा अकबर’ आला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका घोळक्याने थिएटरला गेल्या होत्या. राजकारणासाठी झालेलं लग्न, आणि त्यातून फुललेलं प्रेम! मलाही तो सिनेमा आवडला होता. आवडू नये असं त्यात काही नाही. लग्नात आपलं मन कुणी विचारलं नाही, पण पुढे कुणीतरी ते ओळखलं, ही आपल्यातल्या कितीतरी जणींची मनातली इच्छाच असते.

अडचण सुरू होते ती ही गोष्ट पडद्यावरून उतरून स्वयंपाकघरात येते तेव्हा. बचत गटाच्या कामानिमित्त मी खेड्यापाड्यांत फिरते. बारावीतली मुलगी लग्नाला नाही म्हणतेय, कॉलेजला जायचं म्हणतेय, असा विषय निघाला की एखादी आजी ठरलेलं वाक्य टाकतेच, “एकदाव सासरले गई का समदं जमी जास.” बाकीच्या माना डोलावतात. आई गप्प बसते, कारण तिचंही तसंच झालेलं असतं. मुलगी मात्र कुणाकडेच बघत नाही.

खरंच ‘समदं जमतं’ का? याचं उत्तर शोधायला आग्र्याला जायची गरज नाही. बळजबरीच्या लग्नातून प्रेम फुलल्याची एक खरीखुरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडली आहे, आणि तिचं एक पान आपल्या धुळ्याचं आहे. रमाबाई रानडे आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची ही गोष्ट. २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागली, तेव्हा ती घराघरांत पोचली.

१८७३ साल. रानड्यांच्या पहिल्या पत्नी ऑक्टोबरमध्ये वारल्या. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीतलं मोठं नाव होतं. हा आता एखाद्या विधवेशी लग्न करेल, या धास्तीने वडिलांनी घाईघाईने स्थळ बघितलं. कुर्लेकरांची यमुना, वय वर्षं अकरा. रानड्यांनी वडिलांची विनवणी केली. मुलीच्या वडिलांनाही समजावून पाहिलं, ‘मी सुधारक माणूस, विधवाविवाहाच्या बाजूचा, मला मुलगी कशाला देता?’ काही उपयोग झाला नाही. वडिलांपुढे ते हरले आणि डिसेंबरमध्ये लग्न लागलं. लग्नानंतर घरी येऊन ते कुणाशीही न बोलता खोलीचं दार लावून बसले, असं पुढे रमाबाईंनीच लिहून ठेवलंय. या लग्नाबद्दल त्यांच्यावर टीकाही खूप झाली. बोलायचं एक आणि करायचं एक, असं लोक म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

म्हणजे बघा, लग्नाला नवऱ्याचाच विरोध होता. आणि त्या अकरा वर्षांच्या यमुनेला काय वाटत होतं? ते तर कुणी विचारलंच नाही. एवढ्या मोठ्या सुधारकाचं मन मोडलं याची नोंद इतिहासात आहे. मुलीलाही मन असतं, हे त्या घाईत कुणाच्या ध्यानातही आलं नसेल.

आता इथून पुढची गोष्ट वाचताना आपण जरा थांबून वाचू या. रानड्यांनी आपला राग त्या पोरीवर काढला नाही. तिला लिहितावाचता येत नाही हे कळल्यावर त्यांनी तिच्या हातात पाटी दिली आणि स्वतः शिकवायला बसले. दिवसभर कोर्ट, रात्री बायकोची शाळा! घरात सासरच्या बायकांचा मोठा गोतावळा होता. त्यांना हे थेर वाटायचे. रमाबाईंनी वर्षानुवर्षं टोमणे सोसले. आधी मराठी, मग इंग्रजी. पुढे नाशिकला असताना त्या चारचौघांत बोलायला शिकल्या.

आणि मग धुळं. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार आधीच बिथरलं होतं. रानड्यांवर संशय, म्हणून त्यांची तडकाफडकी धुळ्याला बदली झाली. इथे त्यांची पत्रं सरकार फोडून वाचत असे. रमाबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. नवऱ्यावर सरकारची पाळत, गाव अनोळखी. त्या दिवसांची हकिगत त्यांच्या आठवणींत आहे. ती वाचताना मला वाटतं, बोहल्यावर उभ्या राहिलेल्या त्या पोरीची सोबतीण बनली ती अशाच दिवसांत. नवऱ्यावर काय संकट आहे, ते का आहे, हे तिला कळत होतं. कळत होतं, कारण त्याने तिला कळण्याजोगं केलं होतं.

रानडे १९०१ मध्ये गेले. १९१० साली रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आलं. त्याच्या पानापानांत त्या माणसाबद्दलची माया आहे. नवरा गेल्यावर त्या तेवीस वर्षं जगल्या, पण कोपऱ्यात बसून नाही. पुण्याचं सेवासदन उभं केलं, बायकांना शिकवलं, परिचारिका म्हणून उभं केलं. १९२४ साली त्या गेल्या. त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी कशी म्हणेन?

पण हे प्रेम कशातून आलं, हा माझा प्रश्न आहे. ते बळजबरीतून आलं का? मुळीच नाही. बळजबरीने फक्त दोन माणसं एका छताखाली आणून टाकली. प्रेम आलं ते पाटीतून, वेळ देण्यातून, राग गिळण्यातून, बायकोला माणूस मानण्यातून. आणि हे सगळं करायचं की नाही, ते पूर्णपणे एका माणसाच्या हातात होतं. रानड्यांनी तसं केलं, ते रमाबाईंचं नशीब. त्यांनी दुसरं काही केलं असतं तर? त्या अकरा वर्षांच्या मुलीकडे परतीची वाट नव्हती.

परतीची वाट मागणाऱ्या बाईचं काय होतं, हेही त्याच काळात दिसलं. रखमाबाईंचं लग्न अकराव्याच वर्षी दादाजी भिकाजींशी झालं होतं. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या आणि मोठ्या झाल्यावर नांदायला जायला नाही म्हणाल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या कोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण तो टिकला नाही. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल! शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांची सेवा केली. दोघींची लग्नं एकाच वयात, एकाच दशकात झाली. एकीचं जमलं, एकीचं नाही. मग ‘समदं जमी जास’ हा नियम कुठून आला?

आणि ज्यांनी ना पुस्तक लिहिलं, ना कोर्ट पाहिलं, अशा बायका किती असतील? आपली बहिणाबाई घ्या. असोद्याची मुलगी, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरात आली, तिशीत विधवा झाली. लिहिता येत नव्हतं म्हणून गाणी ओठांवरच राहिली. काही इतरांनी टिपून घेतली, बाकीची हवेत विरली. १९५१ मध्ये ती गेल्यानंतर पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं. एवढी मोठी प्रतिभा, पण पाटी तिच्या हातात कुणी दिली नाही. २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. आज त्याच विद्यापीठाच्या कॉलेजांतून मुली अर्ध्यावर काढून बोहल्यावर उभ्या केल्या जातात, तेव्हा मला त्या नावाकडे बघवत नाही.

ही जुन्या काळची रड नाही हं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचांत एकीहून जास्त! आणि अठरा पूर्ण झाली की लगेच मन विचारलं जातं असंही नाही.

मी ठरवून केलेल्या लग्नाच्या विरुद्ध नाही. माझंही तसंच झालंय. पण ठरवलेलं लग्न आणि लादलेलं लग्न यांत फरक आहे. तो ओळखायला एकच प्रश्न पुरतो : मुलगी ‘नाही’ म्हणाली असती, तर घरात काय झालं असतं? थोडी नाराजी, थोडी समजूत, आणि मग दुसरं स्थळ, असं उत्तर असेल तर ते ठरवलेलं. बोलणं बंद, जेवण बंद, आईला शिव्या, बापाने विष घ्यायची धमकी, असं असेल तर मुलीचा होकार हा होकार नव्हे. ताटात वाढलेलं गप खायचं, एवढाच त्याचा अर्थ.

कायदाही हा फरक ओळखतो. हिंदू विवाह कायद्यात बळजबरीने घेतलेली संमती हे लग्न रद्द करून मागायचं कारण आहे; मात्र बळजबरी संपल्यापासून वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं. अठराच्या आत लग्न लावलेल्या मुलीला २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत ते लग्न रद्द करून मागता येतं. आणि असं लग्न ठरतंय असं कानावर आलं, तर १०९८ वर फोन करता येतो. हळद लागायच्या आधी केलेला फोन, हळद लागल्यावरच्या शंभर सल्ल्यांपेक्षा उपयोगाचा.

तेव्हा मालिका बघा, कादंबऱ्या वाचा, खुशाल रडा. रमाबाईंच्या आठवणी तर आवर्जून वाचा, लेकीलाही वाचायला द्या. फक्त त्या गोष्टीतून चुकीचा धडा उचलू नका. ‘आधी लग्न लावा, मग प्रेम जडेल’ हा धडा तिच्यात नाहीच. तिच्यातला धडा पाटीचा आहे. ती पाटी नवऱ्याने द्यावी म्हणून वाट कशाला बघायची? आई आहे ना घरात! लेकीचं कॉलेज पूर्ण होऊ द्या, स्थळ तिला दाखवा, तिचं ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवा. मग जे प्रेम जडायचं ते जडेल, आणि ते नशिबाने मिळालेलं नसेल.