जुना आयपॉड भंगारात देण्याआधी



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की प्रत्येक घरात एक खोका निघतोच. त्यात जुने चार्जर, बंद पडलेली घड्याळे, कुठल्या कुलपाच्या ते कोणालाच ठाऊक नाही अशा किल्ल्या आणि मुलांच्या कॉलेजच्या दिवसांतला एखादा गाणी ऐकायचा प्लेअर असतो. "आता सगळं फोनवरच आहे," असे म्हणून तो भंगारवाल्याच्या पोत्यात जातो.

माझे मत आधीच सांगते. तो देऊ नका. निदान आत काय आहे ते काढून घेतल्याशिवाय तर मुळीच देऊ नका. आणि चालू होत असेल, तर ऐकण्यासाठी फोन बाजूला ठेवून तोच वापरा.

हे प्लेअर अनेक प्रकारचे असतात, पण आमच्या घरी आहे तो आयपॉड, म्हणून त्याविषयीच लिहिते. पहिला आयपॉड २००१ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला. त्याची जागा ५ जीबी होती, आणि हजार गाणी खिशात मावतात याचेच तेव्हा अप्रूप होते. पुढे मोठे, छोटे, चिमटा लावून पदराला अडकवता येतील असेही निघाले. गोल चाकाचा 'क्लासिक' २०१४ मध्ये बंद झाला, 'नॅनो' आणि 'शफल' २०१७ मध्ये, आणि २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने शेवटचा आयपॉडही बंद केल्याचे जाहीर केले. कंपनीने बनवणे थांबवले, म्हणजे आपल्या हातातला निकामी झाला असे नाही. आपल्याकडे पितळी डबे तीन पिढ्या चालतात. वस्तू चालते आहे तोवर तिला जुनी म्हणू नये.

फोन असताना हे कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे, की फोन हजार कामे करतो. सकाळी भक्तामर लावावे, तर चौथ्या श्लोकाला भाजीवाल्याचा फोन येतो, सातव्याला सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून वाद सुरू होतो, आणि आपण बघता बघता स्तोत्र सोडून टँकरच्या वादात शिरतो. प्लेअरला यातले काहीच करता येत नाही. त्याला ना सिम, ना इंटरनेट, ना जाहिरात. तो फक्त ऐकवतो. हीच त्याची उणीव लोक सांगतात, मला तोच त्याचा मोठा गुण वाटतो. (सामायिकात कुठलेच यंत्र जवळ नको, हे वेगळे सांगायला नको. मी बोलते आहे ते स्वयंपाक करताना, फिरायला जाताना, दुपारी पडल्या पडल्या ऐकण्याविषयी.)

दुसरे कारण हिशेबाचे. बी.कॉम.ला शिकलेले एक वाक्य अजून लक्षात आहे, भाडे म्हणजे खर्च आणि विकत घेतलेली वस्तू म्हणजे मालमत्ता. फोनवर महिन्याचे पैसे भरून जी गाणी ऐकतो ती भाड्याची. महिन्याला शंभर रुपये धरले, तर दहा वर्षांत बारा हजार होतात, आणि भरणे थांबवले की हाती एकही गाणे उरत नाही. घरातल्या सीडीवरून उतरवलेले, विकत घेतलेले किंवा आपणच रेकॉर्ड केलेले मात्र आपले. ते प्लेअरमध्ये राहते, रेंज असो वा नसो. भाड्याची गाणी या जुन्या आयपॉडवर चढतच नाहीत, हेही लक्षात ठेवा.

आता तो सुरू कसा करायचा ते सांगते. यात क्रम फार महत्त्वाचा आहे.

पहिल्यांदा प्लेअर टेबलावर सपाट ठेवून पाहा. पाठ किंवा पडदा फुगून वर आला असेल, तर बॅटरी सुजली आहे. त्याला चार्जिंगला लावू नका, घरी सुरी घालून उघडू तर मुळीच नका. जाणकाराकडे द्या, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. सपाट असेल तर वायर शोधा. क्लासिकची वायर आजच्या फोनची चालत नाही. तिचे टोक रुंद आणि चपटे असते, ३० पिनांचे. अशी वायर अजून मिळते. शफलचे आणखी वेगळे, त्याची वायर इअरफोनच्याच भोकात जाते.

वायर लावल्या लावल्या काही दिसले नाही, तर निराश होऊ नका. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर पडदा अर्धा तासही काळा राहू शकतो. आमचा आयपॉड एका दुकानदाराने नुसता हातात घेऊन "गेला, फेकून द्या, नवीन काहीतरी घ्या," असे सांगितले होते. घरी वायर लावून ठेवला, आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तो जिवंत झाला. तरीही उजळला नाही, तर वरची कुलपाची छोटी पट्टी एकदा सरकवून परत आणा. नारिंगी रंग दिसत असेल तर कुलूप लागलेले आहे. मग चाकावरचे 'मेनू' आणि मधले बटण दोन्ही एकदम सात-आठ सेकंद दाबून धरा. सफरचंदाचे चित्र आले की समजा काम झाले.

आता सगळ्यात महत्त्वाचे. नवी गाणी घालायच्या घाईत तो लगेच कॉम्प्युटरच्या आयट्यून्सला जोडू नका. हा आयपॉड एका वेळी एकाच कॉम्प्युटरच्या संग्रहाशी जुळतो. नव्या कॉम्प्युटरला जोडला की 'आतले पुसून इथले भरू का?' असा प्रश्न येतो, आणि घाईत 'हो' दाबले की जुने सारे जाते. म्हणून आधी आतले बाहेर काढा. शक्यतो आयट्यून्स नसलेल्या कॉम्प्युटरला जोडा. बहुतेक वेळा तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो. लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू केली, की 'आयपॉड कंट्रोल' नावाचा फोल्डर आणि त्यात 'म्युझिक' सापडतो. तो आख्खा फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आणि आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. फाइलींची नावे चार विचित्र अक्षरांची दिसतील, घाबरू नका. गाण्याचे खरे नाव भरलेले असेल तर ते फाइलीच्या आतच असते, पुढे ते परत दिसते. एक अडचण येऊ शकते. आयपॉड मूळ मॅक कॉम्प्युटरवर तयार केलेला असेल तर विंडोजला तो वाचता येत नाही. तेव्हा ज्याच्याकडे मॅक आहे त्याची मदत घ्या.

मी यावर एवढा जोर का देते ते सांगते. आमचा आयपॉड २००९ सालचा, मुलाने पहिल्या पगारातून घेतलेला. त्याने तेव्हा एका सुट्टीत माझ्या सासऱ्यांना बोलते करून त्यांचा आवाज रेकॉर्ड केला होता. गावचे मंदिर, पंचकल्याणकाच्या वेळची धावपळ, दुकानाची उधारीची वही, असे चाळीस एक मिनिटांचे बोलणे. सासरे जाऊन नऊ वर्षे झाली. ज्या कॉम्प्युटरवरून ते आयपॉडमध्ये घातले तो कधीच विकला गेला. म्हणजे जगात त्या आवाजाची एकच प्रत होती, आणि ती खोक्यात, जुन्या चार्जरच्या खाली होती. भाच्याने ती आधी बाहेर काढली, मगच पुढच्या कामाला हात लावला. आता ती चार घरांत आहे. तुमच्याही खोक्यात कोणाचा आवाज असेल, कोण जाणे. लग्नातली गाणी असतील, आईच्या ओव्या असतील. क्लासिकच्या पोटात फिरणारी तबकडी असते. ती कधीतरी बंद पडणारच. म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.

आतले सुरक्षित झाले, की नवे भरणे सोपे आहे. विंडोजसाठी आयट्यून्स अजून मिळते. २०१९ नंतरच्या मॅकवर ते वेगळे नाही, आयपॉड फाइंडरमध्येच दिसतो. त्यात 'गाणी स्वतः हाताळणार' हा पर्याय निवडा, म्हणजे आपोआप काही पुसले जाणार नाही. फाइली एमपीथ्री असाव्यात. व्हॉट्सॲपवर आलेले आवाजाचे निरोप तसेच चालत नाहीत, आधी एमपीथ्री करून घ्यावे लागतात. प्रवचनाच्या फाइलीला 'थांबलेली जागा लक्षात ठेव' ही खूण करा. मग तासाभराचे प्रवचन विसाव्या मिनिटाला थांबवले तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू होते. आणि वायर काढण्याआधी 'इजेक्ट' करायला विसरू नका.

जागा किती लागते? साधारण दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला एक एमबी धरा, तासाला साठ. १६० जीबीत अडीच हजार तास आरामात मावतात. रोज दोन तास ऐकले तरी तीन वर्षे पुरतील. ८ जीबीच्या नॅनोतही सव्वाशे तासांच्या आसपास बसतात, आपल्याला तेवढे पुष्कळ झाले.

आमच्याकडे तो आता सासूबाई वापरतात. त्यांचे वय ब्याऐंशी. फोनवर बोट जरासे सरकले की स्तोत्राच्या जागी तेलाची जाहिरात लागते, म्हणून त्या फोनला हातच लावत नसत. "कोणी लावून दिलं तर ऐकते," असे म्हणायच्या आणि मग मागायच्याच नाहीत. आयपॉडचे मधले बटण त्यांच्या अंगठ्याला न बघता सापडते. चालू करणे आणि थांबवणे, एवढे दोन दिवसांत आले. आवाज किती वाढू द्यायचा याची मर्यादा आत ठरवून ठेवता येते, ती आम्ही ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानते. इअरफोनने कान दुखले तर साधी ऑक्स वायर लावून जुन्या म्युझिक सिस्टीमवर ऐकायचे. दुपारी त्या कधी भक्तामर ऐकतात, कधी सासऱ्यांचे ते चाळीस मिनिटांचे बोलणे. ते लागले की मी स्वयंपाकघरातच थांबते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बॅटरी पूर्वीइतकी टिकत नाही. बिनतारी इअरफोन क्लासिकला जोडता येत नाहीत. घरात कॉम्प्युटर किंवा तो हाताळणारे कोणी नसेल, तर मेमरी कार्डाचा साधा प्लेअर बरा. आणि माझे वाचून कोणी जुन्या बाजारात आयपॉड शोधायला निघू नका. आहे ते वापरा, एवढेच माझे म्हणणे आहे. नाहीतर जुनी वस्तू वाचवण्याच्या नावाखाली घरात आणखी एक वस्तू यायची.

परिग्रह फक्त साड्यांचा आणि भांड्यांचा नसतो. अडीच हजार तासांची जागा आहे म्हणून अडीच हजार तासांची प्रवचने भरायची आणि एकही शेवटपर्यंत ऐकायचे नाही, हाही परिग्रहच. आम्ही आयपॉडमध्ये मोजून तीस फाइली ठेवल्या आहेत. ऐकून झाले की जुन्या काढतो, नव्या घालतो. सासऱ्यांची तेवढी कायम आहे.

तेव्हा या दिवाळीत खोका उघडाल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी अर्धा तास वायर लावून बघा.

जय जिनेंद्र.